तुमच्या टी-शर्टचं मीठ

फ्रायडेला ऑफिसला घालायचा तो कॉटनचा टी-शर्ट काढा बरं कपाटातून. ब्रँड कुठलाही असो, तो तिरुपूरमध्ये शिवला गेला असण्याची शक्यता बरीच आहे. तमिळनाडूतलं हे शहर म्हणजे आपल्या होजिअरीची राजधानी!

आता मिठाची भानगड. कॉटनवर रिअ‍ॅक्टिव्ह रंग चढवायला भरपूर मीठ लागतं. पण ते कापडात राहत नाही, धुण्याच्या पाण्याबरोबर बाहेर पडतं. तिरुपूरमध्ये ते वर्षानुवर्षं नोय्यल नदीत गेलं. शेतीसाठी १९९२ मध्ये ओरथुपालयमचं धरण झालं आणि त्यात साठलं काय, तर डाइंगचं खारट पाणी. ज्यांच्यासाठी धरण बांधलं, ते शेतकरीच शेवटी कोर्टात गेले.

'इंडस्ट्रियल इकॉलॉजी'चा फंडा इथेच कामाला येतो. एकाचा कचरा तो दुसऱ्याचा कच्चा माल. डेन्मार्कमधल्या कालुंडबोर्गचं उदाहरण सगळे देतात. तिथल्या वीजकेंद्राचं जिप्सम भिंतींचे बोर्ड बनवणाऱ्या कारखान्याला मिळायचं. मस्तच! पण तिथे खेळाडू मोजके आणि मोठे. तिरुपूरमध्ये शेकडो छोटी डाइंग युनिट्स. प्रत्येकाला नोटीस धाडून काय होणार? सुरेन एर्कमन आणि रमेश रामस्वामी यांनी २००३ मध्ये आलेल्या पुस्तकात अख्ख्या शहराचाच जमाखर्च मांडला. पाणी किती आलं, मीठ किती आलं, गेलं कुठे? आपली आई महिन्याच्या वाणसामानाचा हिशेब ठेवते, तसाच.

हिशेब कागदावर राहिला आणि दणका कोर्टाने दिला. जानेवारी २०११ मध्ये मद्रास हायकोर्टाने डाइंग युनिट्स बंद करायचा आदेश दिला. कामगारांचा रोजगार गेला, ऑर्डरी अडकल्या. पुन्हा सुरू व्हायचं तर एकच अट : सांडपाण्याचा थेंबही बाहेर सोडायचा नाही. मग सामायिक केंद्रांत आरओ आणि बाष्पीभवनाची यंत्रं बसली. आता पाणी परत डाइंगला जातं, मिठाचं द्रावणही परत जातं. कचऱ्याचा खरोखर कच्चा माल झाला.

पण बॉस, फुकट काहीच नसतं. पाणी आटवायला बॉयलर पेटता ठेवावा लागतो. त्या इंधनाचं बिल कापडावर चढतं आणि जिथे अशी अट नाही, तिथला माल स्वस्त पडतो. शिवाय तळाशी उरतं ते मिश्र मीठ. ते ना रंगाला चालत, ना कुणी विकत घेत. सांभाळून ठेवायचं, एवढंच.