नाशिकरोड : स्थानकाभोवतीच्या वस्तीचे मत

ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा लोहमार्ग थळ घाट चढून पुढे सरकला, तेव्हा गोदाकाठचे जुने नाशिक त्याच्यापासून आठ-नऊ किलोमीटर दूरच राहिले, आणि या अंतरानेच पुढे शहराच्या वाढीची दिशा ठरवली. ते अंतर कापण्यासाठी 1889 मध्ये मेन रोडपासून स्थानकापर्यंत घोड्यांनी ओढली जाणारी अरुंद रुळांची ट्राम सुरू झाली. तिचे सल्लागार अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनीच पुढे बार्शी लाइट रेल्वे उभारली. 1930 च्या दशकाच्या आरंभी, तोटा सोसेनासा झाल्यावर, ट्राम बंद पडली. दरम्यान स्थानकाजवळ सरकारी छापखाने आले (चलनी नोटांचा छापखाना 1928 चा) आणि त्यांच्या कामगारांभोवती बाजारपेठ, चाळी व शाळा वाढत गेल्या. नाशिकरोड-देवळालीची स्वतंत्र नगरपालिका 1982 मध्ये महानगरपालिकेत विलीन झाली. तरीही ‘नाशिकला जाऊन येतो’ असे म्हणणारा नाशिकरोडकर आजही भेटतो.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे की, स्थानकाभोवती नवे काही उभारण्याची योजना येते तेव्हा तिच्यापुढे रिकामी जमीन नसते, तर स्थानकामुळेच जन्मलेली आणि त्याच्यावरच पोट भरणारी वस्ती असते. 1 फेब्रुवारी 2021 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या ‘मेट्रो निओ’साठी 2,092 कोटी रुपयांची घोषणा झाली. उन्नत मार्गावरून, डोक्यावरच्या तारेतून वीज घेत, रबरी चाकांवर धावणाऱ्या जोडबसची ही व्यवस्था आहे. तिच्या दोन मार्गिकांपैकी लांबची मार्गिका गंगापूरहून सातपूर, मध्यवर्ती बसस्थानक, द्वारका, दत्त मंदिर असा प्रवास करून नाशिकरोडला संपते. घोषणेनंतरची वर्षे कागदावरच गेली, पण योजनेबरोबर येणारा विचार कागदावर थांबणारा नाही. 2017 च्या राष्ट्रीय धोरणात ज्याला ‘संक्रमणाभिमुख विकास’ म्हटले आहे तो हा विचार, म्हणजे स्थानकापासून चालत गाठता येईल अशा, साधारण 500 ते 800 मीटरच्या परिघात दाट वस्ती, दुकाने व कार्यालये यांना उत्तेजन देणे. त्यासाठी चटई क्षेत्र निर्देशांक वाढवला जातो, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल त्याची मर्यादा वर नेली जाते. पुण्यात मेट्रो स्थानकाच्या 500 मीटर परिघात, अधिमूल्य भरल्यास, ती चारपर्यंत जाते.

यावर रहिवाशांचे मत काय, या प्रश्नाला एकच उत्तर मिळणे शक्य नाही, कारण माणूस कोणत्या नात्याने तिथे राहतो त्यावर ते अवलंबून असते. जुन्या सोसायटीतील सदनिकाधारकाला पुनर्विकासाची आशा असते आणि त्याच श्वासात पाणी व वाहनतळाची धास्तीही असते. 1975 पासून धावणाऱ्या पंचवटी एक्स्प्रेसने मुंबई गाठणारा पासधारक घर निवडताना पहाटेचे स्थानक हाताशी असावे एवढेच पाहतो. मालधक्का रोडवरच्या हमालाला मात्र कामाचे ठिकाण व खोली यांतील अंतर वाढले तर पहिला धोका रोजंदारीला असतो. भाडेकरूचेही तसेच, कारण जमिनीचा भाव चढला की भाडे चढते आणि वाढीव निर्देशांकाचा एक चौरस फूटही त्याच्या वाट्याला येत नाही. भाडेकरू व हमाल यांची बाजू इथे सर्वांत दुबळी आहे.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 प्रमाणे प्रारूप विकास योजना प्रसिद्ध झाल्यावर हरकती व सूचना मागवल्या जातात, आणि कलम 28 खालील नियोजन समितीपुढे (स्थायी समितीचे तीन सदस्य व राज्याने नेमलेले तज्ज्ञ) सुनावणी होते. हरकत कोणालाही घेता येते, हे कायद्याचे औदार्य खरेच आहे. पण रेषा आखून झाल्यावरच ती विचारली जाते, आणि सर्व्हे नंबर व आरक्षण क्रमांकाच्या भाषेत लिहिता येणारा माणूस बहुधा जमीनमालकच असतो. नाशिकच्याच मखमलाबाद-हनुमानवाडी परिसरात स्मार्ट सिटीअंतर्गत नगररचना योजना आली तेव्हा काही शेतकऱ्यांनी विरोध केला, काहींनी अटी घातल्या. ती चर्चा स्वाभाविकपणे सातबाराधारकांभोवती फिरली; तिथल्या मजुराचे मत तिच्यात क्वचितच उमटले. शेतकऱ्यांची चिंता रास्तच होती, पण वस्ती त्यांच्यापुरती नव्हती.

याउलट, 2013 च्या भूसंपादन कायद्याने ‘बाधित कुटुंब’ या संज्ञेत भाडेकरू, शेतमजूर आणि संपादनापूर्वी तीन वर्षे त्या क्षेत्रावर ज्यांची उपजीविका अवलंबून होती अशांनाही धरले आणि सामाजिक परिणामांच्या मूल्यमापनासाठी जनसुनावणी ठेवली. निर्देशांक वाढतो तेव्हा संपादन झालेलेच नसते, म्हणून हे संरक्षण लागू होत नाही. माणूस मात्र तसाच विस्थापित होऊ शकतो. मेट्रो निओची रेषा अद्याप जमिनीवर उतरलेली नाही, त्यामुळे नाशिक महानगरपालिकेला हवे असल्यास सिन्नर फाटा, जेल रोड, देवळालीगाव आणि मालधक्का परिसरातील भाडेकरू, फेरीवाले व हमाल यांची नोंद, परिघ जाहीर होण्याआधी, प्रभागनिहाय करता येईल. ती नोंद झाली, तर वाढीव बांधकामातील किती घरे परवडणाऱ्या भाड्याची ठेवायची, हे अधिमूल्य ठरवतानाच ठरवता येईल.