तंग कुठे बांधायचा? अमेरिकन गुराख्याच्या खोगिराची गोष्ट

ऐन पेरणीत बैलाचा खांदा सुजला की घरादाराचे काय हाल होतात, ते तुम्हाला सांगायला नको. जू तेच, सुतारही तोच. पण एका बैलाला ते बसते आणि दुसऱ्याचा खांदा सोलून काढते. अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या गुराख्याला हीच काळजी घोड्याच्या बाबतीत असते. म्हणून तो मागणी देऊन खोगीर बनवून घेतो, तेव्हा चामड्यावरच्या नक्षीआधी कारागीर त्याला विचारतो : "तंगाची कडी कुठे लावू?"

सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांचा बाजार पाहिलेल्या वाचकांना खोगीर नवे नाही. मात्र तिकडचे खोगीर नुसते बसायचे आसन नाही, ते एक अवजार आहे. त्याच्या पुढच्या कमानीवर शिंगासारखी मूठ असते. गुराखी दौडत्या घोड्यावरून वासराच्या गळ्यात फास टाकतो आणि दोराचे दुसरे टोक या मुठीला अडकवतो. आता विचार करा, दोराला चार-पाचशे किलोचे जनावर हिसके देते आहे आणि तो सगळा ताण खोगिरावर येतो आहे. खोगीर घोड्याच्या पाठीला धरून ठेवणारा एकच आधार, तो म्हणजे पोटाखालून घेतलेला तंग.

गाडी मागून जड झाली, उलाळ झाली, की जू वर उचलते, हे आपण पाहतो. इथे नेमके उलटे होते. दोर पुढे ओढला गेला की खोगिराची मागची बाजू वर उठते आणि पुढची कमान घोड्याच्या खांद्यामागच्या उंचवट्यात रुतते. टेक्सासच्या गुराख्यांनी यावर उपाय काढला : दोन तंग, एक पुढे आणि एक मागे. ते दोराचे टोक मुठीला पक्के गाठ मारूनच बांधत, त्यामुळे मागचा तंग त्यांना हवाच होता. कॅलिफोर्नियातले गुराखी मेक्सिकोकडून आलेल्या स्पॅनिश वळणाचे. त्यांचा दोर कच्च्या कातड्याच्या वाद्या विणून केलेला, चांगला लांबलचक. एकदम हिसका बसला तर तो तुटायचा. म्हणून ते गाठ न मारता मुठीला वेढे देत आणि दोर थोडा थोडा सरकू देत. हिसका कमी, म्हणून त्यांचे काम खोगिराच्या मध्यावरच्या एकाच तंगावर भागे. दोर बदलला की खोगीर बदलते, ते असे!

आता कडीची जागा. हिशेब सोपा आहे. खोगिराच्या मागच्या उंच कडेपासून पुढच्या कमानीपर्यंतचे अंतर एक धरा. कडी थेट कमानीखाली आली तर ती 'पूर्ण' जागा. बरोबर मधोमध आली तर 'मध्य' जागा. या दोहोंच्या मध्ये पाऊण, आणि पाऊण व पूर्ण यांच्या मध्ये सात अष्टमांश. पूर्ण जागेची कडी दोर ओढणाऱ्याला बळकट वाटते, पण तंग घोड्याच्या कोपराला अगदी लागून येतो. घोडा पाय मागे घेतो तेव्हा तिथली कातडी चिमटते, घासते आणि शेवटी सोलते. म्हणूनच आज कामाच्या बऱ्याच खोगिरांना सात अष्टमांश जागा देतात. काही कारागीर तीन खाचांची धातूची पट्टी बसवतात. मग घोडा पाहून वादी पुढे-मागे घेता येते. एकाच खोगिरावर दोन-तीन घोडे चालवणाऱ्याला माझ्या मते हीच सोय बरी.

पण खरा निवाडा घोडाच करतो. त्याच्या छातीचा घेर कोपरामागे जिथे सर्वांत कमी असतो, तिथेच तंग जाऊन बसणार. तुम्ही कितीही आवळा. समजा, ही जागा बरीच पुढे आहे आणि खोगिराची कडी मागे आहे. मग तंग पुढे सरकतो, सोबत खोगीरही पुढे ओढतो आणि ते खांद्याच्या फऱ्यांवर चढते. जाणता गुराखी आधी नुसते खोगीर पाठीवर नीट बसवतो आणि कडीपासून सरळ खाली नजर टाकतो. कोपर आणि तंग यांत चार बोटांचे अंतर राहिले की त्याचे समाधान होते. काम झाल्यावर तो घामाचे डाग पाहतो. सगळी पाठ ओली आणि मध्येच एक कोरडा ठिपका दिसला, तर तिथे दाब जास्त पडतो आहे. जुन्या जखमेवर पांढरे केस उगवतात. विकत घ्यायच्या घोड्याच्या पाठीवर ते दिसले तर तिकडचा माणूस दहा प्रश्न विचारतो. बैल घेताना खांद्यावर हात फिरवणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांना यात नवल वाटणार नाही.

कडी कशाला जोडायची, हाही एक प्रश्न असतो. खोगिराच्या आतल्या लाकडी सांगाड्याला ती थेट अडकवली तर सर्वांत मजबूत. पण स्वाराच्या मांडीखाली चामड्याचे थर वाढतात आणि पाय घोड्यापासून दूर राहतो. कडी खोगिराच्या खालच्या चामडी झालरीतच बसवली तर पायाला सुख, मात्र सगळा भार त्या चामड्यावर येतो. ते फाटले की दुरुस्ती मोठी. रोज दोर ओढायचा असेल तर सांगाड्याला कडी, नुसते डोंगरवाटांनी हिंडायचे असेल तर झालरीत चालते.

राहिला मागचा तंग. तो पोटाला लागलेला असावा, पण आवळलेला नसावा. फार सैल सोडला तर माशी हाकलताना घोड्याचा मागचा पाय त्यात अडकतो. पुढच्या आणि मागच्या तंगाला पोटाखालून जोडणारी एक लहान वादी असते, ती विसरून चालत नाही. ती नसली तर मागचा तंग सरकत कुशीत जातो आणि गरीब घोडाही उधळतो. खोगीर चढवताना पुढचा तंग आधी बांधायचा, उतरवताना मागचा आधी सोडायचा. हा क्रम चुकला आणि पुढचा तंग सुटलेला असताना घोडा बुजला, तर खोगीर मागच्या तंगावर फिरून पोटाखाली लोंबते. घोडा त्याला लाथा झाडत सुटतो, आणि तोवर कुंपणाची तार, वासरे, दार धरून उभे असलेले पोर, त्याला काही दिसत नाही. म्हणून तिकडच्या घरांत मुलाला खोगिराला हात लावू देण्याआधी हा क्रम तोंडपाठ म्हणवून घेतात.