पायी त्र्यंबकला : एका वारीचे गणित

समजा डिसेंबरातल्या एका संध्याकाळी तुमच्या आजीने जाहीर केले, "यंदा पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या दर्शनाला त्र्यंबकला जायचे, आणि तेही पायी." घरात काय होईल? वडील म्हणतील, "आई, एसटीने दुपारपर्यंत पोचशील की!" आई म्हणेल, "आई, तुमच्या गुडघ्यांचे काय?" आणि आजी म्हणेल, "आळीतले चाळीसजण निघाले आहेत, मला कोण अडवतो ते पाहते." अशा वेळी वाद घालत बसण्यापेक्षा तुम्ही एक वही, दोरा, पट्टी आणि घड्याळ घेऊन बसावे हे बरे. आजीला नेता येईल की नाही, हा प्रश्न बराचसा गणिताचा आहे.

पालघर, वाडा, जव्हार, मोखाडा या भागांतून कितीतरी वारकरी दर वर्षी पौषात असे पायी जातात. ज्ञानेश्वरांचे थोरले बंधू आणि गुरू निवृत्तिनाथ यांची समाधी त्र्यंबकेश्वरला आहे. पालघरहून वाट मनोर, विक्रमगड, जव्हार, मोखाडा अशी जाते. बोईसर-तारापूरकडची मंडळी पूर्वेला चिल्हार फाट्यावर येऊन मग मनोरकडे वळतात. पालघर ते त्र्यंबक हे अंतर रस्त्याने सुमारे १२० किलोमीटर भरते. ते तुम्ही स्वतः मोजून पाहा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १ : ५०,००० प्रमाणाच्या नकाशावर १ किलोमीटर म्हणजे २ सेंटिमीटर. रस्त्याच्या वळणांवरून ओला दोरा बसवत गेलात, तर सुमारे २४० सेंटिमीटर दोरा लागेल. मोबाईल हेच अंतर क्षणात सांगतो, हे खरे. पण दोरा बसवताना प्रत्येक वळण बोटाखालून जाते, आणि त्या नकाशावरच्या तपकिरी समोच्चरेषा पाहिल्यावाचून राहता येत नाही.

या रेषाच आपल्या कामाच्या आहेत. लगतच्या दोन रेषांत २० मीटर उंचीचा फरक असतो. पालघर समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंच, जव्हार सुमारे ४५० मीटर आणि त्र्यंबक सुमारे ७२० मीटर. म्हणजे ही वाट समुद्रकाठावरून निघून सह्याद्री चढते. वाटेतली वाघोबा खिंड ही नुसती चुणूक. जव्हारपूर्वी नकाशावर रेषा दाटीवाटीने येऊ लागतात, तिथे पेन्सिलीने खूण करून ठेवा.

आता वेळ काढू. १८९२ साली विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक साधा नियम सांगितला. सपाटीवर दर ५ किलोमीटरला एक तास धरावा आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास वाढवावा. विक्रमगड ते जव्हार हा टप्पा २० किलोमीटरचा आणि त्यात ३५० मीटर चढ आहे असे समजू. चालण्याचे चार तास आणि चढाची ३५ मिनिटे, म्हणजे साडेचार तासांहून थोडे अधिक. हा नियम अनुभवावरून बसवलेला आहे. तो खरा कितपत, हे नववी-दहावीच्या भौतिकशास्त्राने तपासता येते. सामानासह वजन ६० किलोग्रॅम धरले, तर ३५० मीटर वर चढण्याचे कार्य ६० × ९.८ × ३५०, म्हणजे सुमारे २ लाख ६ हजार ज्यूल होते. हे झाले अवघे ४९ किलोकॅलरी. पण आपले स्नायू खर्च केलेल्या ऊर्जेपैकी साधारण चौथा हिस्साच कामी लावतात, म्हणून प्रत्यक्ष खर्च २०० किलोकॅलरींच्या आसपास जातो. एवढ्याच वजनाच्या माणसाला सपाटीवर एक किलोमीटर चालायला सुमारे ५० किलोकॅलरी लागतात. तेव्हा तो चढ ४ किलोमीटर जादा चालण्याइतका पडला. नेस्मिथची ३५ मिनिटे म्हणजे सपाटीवरचे सुमारे ३ किलोमीटर. दोन अगदी वेगळ्या वाटांनी आलेली उत्तरे इतकी जवळ यावीत, याची मला अजून गंमत वाटते.

परंतु नेस्मिथ हा तरणाबांड गिर्यारोहक होता आणि आपल्याला आजीला न्यायचे आहे. इथे पुष्कळ योजना फसतात. लोक चाळीसजणांच्या वेगाची सरासरी काढतात. सरासरीच्या वेगाने चालणारा माणूस दिंडीत फारसा कुणी नसतो! पुढचे ताशी ५ आणि मागचे ताशी ४ किलोमीटरने चालले, तर तीन तासांत त्यांच्यात ३ किलोमीटरचे अंतर पडते. मागे राहिलेली म्हातारी माणसे मग पाणी, गाडी आणि औषधांपासून एकदमच तुटतात. पुढचे लोक वाट पाहत बसतात आणि मागचे पोचताच उठून चालू लागतात. म्हणजे ज्यांना विसाव्याची सर्वांत अधिक गरज, त्यांनाच तो मिळत नाही. म्हणून योजना सर्वांत हळू चालणाऱ्याच्या वेगाने करावी आणि त्याला पुढच्या रांगेत ठेवावे.

वारकऱ्यांना हे केव्हाच उमगले असावे. टाळांचा ठेका धरून सगळे एका लयीत पाय टाकतात. मिनिटाला १०० पावले आणि पाऊल ६५ सेंटिमीटरचे धरले, तर तासाला ३.९ किलोमीटर होतात. हा आजीला झेपणारा वेग आहे. ताशी ४ किलोमीटर धरून जव्हारच्या टप्प्याला पाच तास, चढाचा पाऊण तास आणि दर तासाला दहा मिनिटे विसावा मोजला, तर जवळजवळ सात तास होतात. साडेचार आणि सात! केवढी ही तफावत.

अवघड दिवस कुठे ठेवायचा, हेही जुन्या वारीकडून शिकावे. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी ज्ञानेश्वरांच्या पालखी सोहळ्याला आजची शिस्त लावली. आळंदीहून पंढरपूरला जाताना दिवे घाट चढायचा पुणे ते सासवड हा टप्पा तीसेक किलोमीटरचा, फार दमवणारा. त्याच्याआधी पालखी पुण्यात दोन मुक्काम करते आणि नंतर सासवडलाही दोन. आपणही जव्हारला एक दिवस पूर्ण विसावा ठेवू. पालघर-मनोर, मनोर-विक्रमगड, विक्रमगड-जव्हार, मग विसावा, त्यानंतर मोखाडा, आणि मोखाड्यापुढचे दोन दिवस घालून त्र्यंबक. असे सात दिवस झाले. दशमीला पोचायचे तर उलटे मोजत या : निघायचे वद्य चतुर्थीला. तारापूरकरांनी आदल्या दिवशी निघावे. मात्र पंचांग उघडून पाहा, कारण मध्ये एखाद्या तिथीचा क्षय असला तर एक दिवस हातचा जातो.

पंचांग उघडलेच आहे, तर चंद्रही पाहून घ्या. पौर्णिमेनंतर चंद्र दररोज सरासरी ५० मिनिटे उशिरा उगवतो. वद्य चतुर्थीला तो रात्री साडेनऊ-दहाच्या सुमारास वर येतो आणि पहाटे पाच वाजता चांगला आकाशात असतो. म्हणजे वद्य पक्षातल्या या वारीला पहाटेचे चांदणे मिळते, रोज थोडे थोडे कमी होत जाणारे. आषाढी एकादशीच्या आधीचे दिवस शुद्ध पक्षातले. तेव्हा चंद्र संध्याकाळी असतो आणि पहाटे मावळलेला असतो.

पण चांदण्यात वाट दिसली, तरी ट्रकचालकाला तुम्ही दिसता असे नव्हे. हा या लेखातला सर्वांत गंभीर भाग आहे, तेव्हा आकडे नीट पाहा. ताशी ६० किलोमीटर वेगाचे वाहन सेकंदाला १६.७ मीटर जाते. चालकाला काही दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद जातो. त्या वेळात २५ मीटर गेले. ब्रेक चांगले आणि रस्ता कोरडा असला, तरी थांबेपर्यंत आणखी सुमारे २३ मीटर. एकूण ४८ मीटर. समोरून गाडी आल्यामुळे दिवे खाली केलेले असले, तर गडद घोंगडी पांघरलेला माणूस चालकाला ३० मीटरवर दिसला तरी पुष्कळ. ४८ मधून ३० गेले, उरलेल्या १८ मीटरांत काय होईल ते सांगायला नको. पांढरे धोतर-सदरे आणि पांढरी टोपी लांबून दिसतात. प्रकाश परतवणाऱ्या चमकत्या पट्ट्या तर शंभर मीटरपलीकडून लखलखतात. त्या सगळ्यांच्या पाठीला आणि पताकेच्या काठीलाही लावा. चालावे रस्त्याच्या उजव्या कडेने, म्हणजे जवळचे वाहन समोरून येताना दिसते. घाटातल्या आंधळ्या वळणावर एकाने दिवा घेऊन पुढे जावे. मनोरला मुंबई-अहमदाबाद महामार्ग ओलांडायचा आहे, तो उजाडल्यावरच.

जानेवारीअखेर सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. पहाटे तीनला निघण्याची अनेकांना हौस असते. हिवाळ्यात ती कशाला, हे मला कळत नाही. साडेसहाला निघालात, तरी सात तासांचा टप्पा दीड वाजेपर्यंत संपतो.

चैत्रात गोष्ट उलटी होते. डहाणूजवळच्या विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा चैत्र पौर्णिमेपासून भरते. तिला पायी जाणाऱ्यांचा वैरी ऊन हा असतो, आणि त्याहून अधिक हवेतला दमटपणा. चालताना तासाला सुमारे २५० किलोकॅलरी उष्णता शरीराबाहेर टाकावी लागते. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे ०.५८ किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, म्हणजे तासाला ४३० ग्रॅम घाम वाळायला हवा. 'वाळायला' हा शब्द अधोरेखित करा. तारापूर-चिंचणीसारख्या किनाऱ्यावर हवेत आधीच इतकी वाफ असते, की घाम वाळण्याऐवजी ओघळतो. ओघळलेला घाम पाणी नेतो, उष्णता नेत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरला उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमात उष्माघाताने दहाहून अधिक माणसे दगावली. तापमान ३८ अंशांच्या आसपास होते, आणि ती माणसे चाललीही नव्हती, उन्हात बसली होती. बरोबरचा माणूस बरळू लागला, तोल जाऊ लागला, अंग तापले, तर त्याला 'जरा बसा' म्हणून भागत नाही. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला, आणि ताबडतोब १०८ क्रमांकाला फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

पौषातही माणशी दिवसाला ५ लिटर पाणी धरावे. चाळीसजणांचे २०० लिटर झाले, म्हणजे २०० किलोग्रॅम. ते डोक्यावर नेता येत नाही. तेव्हा टेम्पोत पिंप आणि प्रत्येकाच्या खांद्याला एक लिटरची बाटली. वाटेतल्या विहिरीचे पाणी उकळून किंवा क्लोरीनचे द्रावण घालून अर्धा तास थांबून मगच प्यावे. जव्हार-मोखाड्यात पाऊस धो धो पडतो, तरी उन्हाळ्यात तिथे टँकर येतात. कठीण काळा बसाल्ट आणि तीव्र उतार यांमुळे पाणी मुरण्याआधीच वाहून जाते. पौषात विहिरींना पाणी असते, पण तुमच्या दिंडीच्या वापरानंतर तिथल्या लोकांना चैत्र काढायचा आहे, हे लक्षात असू द्या.

घामाबरोबर मीठही जाते. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ (चहाचा चमचा बरे का!) हे द्रावण उलटी-जुलाब झाल्यासही कामाला येते. साखरेच्या सोबतीने मीठ आतड्यातून चटकन रक्तात जाते आणि पाठोपाठ पाणीही. १९७१ साली बांगलादेश युद्धाच्या वेळी डॉ. दिलीप महालनबीस यांनी बनगावच्या निर्वासित छावणीत याच तत्त्वावरचे द्रावण पाजून कॉलऱ्याच्या असंख्य रुग्णांना वाचवले. चालणाऱ्याला लिंबू सरबत किंवा मीठ घातलेली पेज पुरते. मात्र आजीला रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर मिठाचे डॉक्टरांना विचारा. गुडघ्यांचेही त्याच वेळी विचारून घ्या.

आता पाय. ६५ सेंटिमीटरच्या पावलाने १२० किलोमीटर म्हणजे सुमारे १ लाख ८५ हजार पावले. एवढ्या वेळा त्वचा चपलेवर घासते. ओल्या त्वचेचे घर्षण कोरडीपेक्षा अधिक. वरचा थर चपलेला चिकटून राहतो, आतला हाडाबरोबर सरकतो, मधली फट द्रवाने भरते, की झाला फोड. मी एकदा हौसेने नवे बूट घालून निघालो होतो, आणि तिसऱ्या दिवशी टेम्पोत पिंपाशेजारी बसून गेलो. तुम्ही जुनीच पायताणे घाला, मोजे दुपारी बदला, फोड फोडू नका.

आजीची तयारी दीड महिना आधी सुरू करा. आधी रोज अर्धा तास, मग एक तास. रविवारी पालघरकरांनी सातपाटीच्या समुद्राकडे, बोईसरकरांनी चिंचणीकडे जावे आणि प्रत्येक किलोमीटरच्या दगडापाशी वेळ टिपावी. शेवटच्या दोन रविवारी लागोपाठच्या शनिवारीही चालवा, कारण दुसऱ्या दिवशीचा वेग हाच तिचा खरा वेग. तो ताशी ३ किलोमीटरवर आला, तर सातऐवजी नऊ दिवस धरा, किंवा घाटाचा टप्पा तिला टेम्पोने न्या. ती रागावेल. तिला वही दाखवा.

आणि त्र्यंबकहून परत येण्याच्या गाडीची चौकशी आधीच करून ठेवा. एकादशीला तिथे अफाट गर्दी असते, आणि परतीचा विचार चाळीसांपैकी एकानेही केलेला नसतो.