कोंबडीची पिसं का झडतात?

सोयाबीनची काढणी आटोपते आणि कळमनुरी परिसरातल्या परसात कोंबड्यांची पिसं उडू लागतात. रोग आला म्हणून कोंबडी घाईने विकू नका. जूनमध्ये इथला दिवस १३ तासांहून मोठा असतो, डिसेंबरात जेमतेम ११. दिवस आखडला की कोंबडीच्या शरीरातली संप्रेरकं बदलतात. डोकं, मान, छाती, पाठ, पंख, शेपूट अशा क्रमाने जुनी पिसं गळून नवी येतात. पीस ८५ ते ९० टक्के प्रथिनांचं असतं. तेवढी प्रथिनं पिसांकडे वळली की दोन-तीन महिने अंडी थांबतात, आणि ते योग्यच आहे. या काळात सोयाबीनची पेंड द्या. कच्चं सोयाबीन मात्र नको, त्यातले घटक प्रथिनं पचू देत नाहीत.

फक्त पाठ उघडी पडली असेल तर बहुधा कोंबड्याच्या नख्यांचा मार. खुडूक कोंबडी छातीची पिसं स्वतःच उपटते, अंड्यांना ऊब मिळावी म्हणून.

खरी काळजी उवांची आणि रक्त शोषणाऱ्या लाल किड्यांची. हे किडे दिवसा खुराड्याच्या फटींत दडतात, म्हणून रात्री बॅटरी घेऊन बघा. दिसले तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारूनच औषध मारा. शेतातलं कीटकनाशक कोंबडीवर कधीही फवारू नका.