ऑफिसच्या भाड्यातला आपला वाटा

ऐरोलीतल्या माइंडस्पेसच्या इमारतींचं भाडं सामान्य गुंतवणूकदारालाही मिळू शकतं. 'माइंडस्पेस बिझनेस पार्क्स रीट' (रीट म्हणजे भाड्याने दिलेल्या इमारतींचा गुंतवणूक ट्रस्ट, त्यातला वाटा म्हणजे युनिट) ऑगस्ट 2020 मध्ये 275 रुपये दराने शेअर बाजारात आली. आता अगदी एक युनिटही विकत घेता येतं. सेबीच्या नियमानुसार वाटपयोग्य रोखीचा किमान 90 टक्के हिस्सा युनिटधारकांना द्यावाच लागतो. म्हणून अशा रीटचे निकाल वाचताना मी निव्वळ नफ्याकडे शेवटी बघतो. इमारतींच्या घसाऱ्याने तो आकडा बराच खाली येतो. आधी बघावं ते किती जागा भाड्याने गेली आहे, जुने करार संपल्यावर भाडं किती चढलं आणि डोक्यावर कर्ज किती आहे. कर्ज मालमत्तेच्या 49 टक्क्यांपलीकडे नेता येत नाही.

आणि पुढे काय? अशा रीटच्या बऱ्याच इमारती सेझमध्ये, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रात आहेत. तिथे नव्याने येणाऱ्या कंपन्यांची आयकर सवलत 2020 मध्ये संपली. मग तिथे भाडेकरू मिळणं अवघड झालं. डिसेंबर 2023 मध्ये नियम बदलला आणि इमारतीतले ठरावीक मजले सेझबाहेर काढण्याची मुभा मिळाली. माझ्या मते हा बदल सर्वांत मोलाचा आहे.

व्याजदर वाढले की युनिटचा भाव दबतो, हे विसरू नका. मुदत ठेवीसारखी हमी इथे नाही.