मसूर स्टेशनवरचा व्हिसा

आमच्या आयटीत व्हिसा म्हटलं की अमेरिका आणि लॉटरी. बाबासाहेब आंबेडकरांच्या आठवणींच्या टिपणाचं नाव आहे 'वेटिंग फॉर अ व्हिसा', आणि त्यातली पहिली आठवण सातारा जिल्ह्यातल्या मसूर स्टेशनवरची आहे.

आजचा विषय ग्राफिक आत्मकथा, म्हणजे चित्रांतून सांगितलेलं स्वतःचं आयुष्य. यातलं गाजलेलं नाव मार्जान सात्रापीचं 'पर्सेपोलिस'. १९७९ची इराणची क्रांती, मग युद्ध, आणि १४व्या वर्षी आईवडिलांनी व्हिएन्नाला पाठवलेली मुलगी. सगळं काळ्या-पांढऱ्यात. विमानतळाच्या काचेपलीकडे आई बेशुद्ध पडलीय, बाबांनी तिला उचललंय. त्या एका चित्रात देश सुटतो.

पण देश न सोडताही परकं होता येतं. आपल्याकडचं 'भीमायन' (नवयान, २०११) वाचताना हे लख्ख दिसतं. ही आत्मकथा नाही बरं का. बाबासाहेबांच्या आठवणींवरून श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांनी लिहिलेलं, दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी काढलेलं पुस्तक.

१९०१. वडिलांना भेटायला निघालेली चार पोरं मसूरला उतरतात. जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरकतो. दुप्पट भाडं देऊनही गाडी पोरांनीच हाकायची, गाडीवान बाजूनं चालणार. डबा सोबत आहे, पण प्यायला पाणी नाही. भीम नाक्यावर मुसलमान असल्याचं सांगून पाणी मागतो, तरी मिळत नाही. पोरं उपाशी झोपतात.

व्यामांनी हे चौकटींत कोंबलं नाही. पान विभागतात ती गोंड घरांच्या भिंतींवरच्या दिग्ना नक्षीच्या वळणदार रेषा. बोलण्याचे फुगे तर कमाल: मायेचं बोलणं पक्ष्याच्या आकारात, विखारी बोलण्याला विंचवाची नांगी. दिवसभर स्क्रीन डिझाइनवर वाद घालणाऱ्या माझ्यासारख्याला हे बघून गप्पच बसावं लागलं. कोण कसं बोलतंय ते वाचण्याआधीच कळतं!

पुढे परदेशात शिकून आलेले बाबासाहेब बडोद्यात पारशी नाव सांगून धर्मशाळेत राहतात. लाठ्या घेतलेले लोक त्यांना बाहेर काढतात. मग कमाठी बागेत बसून गाडीची वाट बघणं. मसूरचं पोर पदव्या घेऊनही तिथेच.

आपल्या परंदवडीजवळच्या देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ला याच बाबासाहेबांनी बुद्धमूर्ती बसवली. लोकलने जाता-येता कितीदा त्या स्टेशनवरून जातो आपण!

एक विनंती, 'भीमायन' मोबाईलवर झूम करून वाचू नका. चौकटी नाहीत, त्यामुळे पान अख्खं दिसलं तरच गोष्ट लागते. कुणाकडून तरी छापील प्रत मिळवा.