नीटच्या मार्कांआधीचे कागद

सर्वांत आधी कोणत्या कोर्सला कोणती परीक्षा लागते, ते पक्कं करून घ्यावं. एमबीबीएस, दातांचा बीडीएस, आयुर्वेदाचा बीएएमएस, होमिओपॅथीचा बीएचएमएस, एवढंच काय, फिजिओथेरपीलासुद्धा महाराष्ट्रात नीट लागते. फिजिओथेरपी बारावीच्या मार्कांवर मिळते असं समजून नीटचा फॉर्मच न भरलेल्या मुलांचं वर्ष वाया जातं. बीएस्सी नर्सिंगची सीईटी वेगळी आणि बी.फार्मची वेगळी. आर्ट्सच्या मुलीलाही नर्सिंगची वाट आहे, ती तीन वर्षांच्या जीएनएम डिप्लोमाची.

नीट पात्र झालो म्हणजे प्रवेश झाला, असं नाही. पात्रता म्हणजे फक्त रांगेत उभं राहण्याची परवानगी. शिवाय एमबीबीएससाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून 300 पैकी 150 मार्क हवेत, आरक्षित प्रवर्गाला 120. ईडब्ल्यूएसचा दाखला असला तरी इथे 150च धरतात.

आता पांढरकवड्याची खास गोष्ट. आपल्याकडून आदिलाबाद काही लांब नाही, आणि हैदराबादचे क्लास नावाजलेले. म्हणून कुणी मुलाला पैनगंगेपलीकडे इंटरमीजिएटला घालतात. पण सरकारी मेडिकल कॉलेजातल्या ज्या 85 टक्के जागा राज्याच्या असतात, त्यांच्यासाठी अधिवास दाखल्यासोबत दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते. अपवाद मोजके आहेत. उरलेल्या 15 टक्के अखिल भारतीय कोट्यात देशभराशी स्पर्धा. म्हणून अकरावीला नाव घालतानाच हा विचार व्हावा, नंतर उपाय नाही.

सगळ्यात जास्त मुलं अडतात ती जात पडताळणीत, ज्याला सगळे 'व्हॅलिडिटी' म्हणतात. जातीचा दाखला उपविभागीय अधिकारी देतात. तो खरा आहे की नाही, हे तपासून समिती जे प्रमाणपत्र देते, ते व्हॅलिडिटी. नुसत्या दाखल्यावर राखीव जागा हाती येत नाही. अनुसूचित जमातीची समिती वेगळी असते. बाकी प्रवर्गांसाठी जिल्ह्याची समिती.

अर्ज अकरावीतच कॉलेजमार्फत करावा. समिती जुना पुरावा मागते. अनुसूचित जमातीला 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा, ओबीसीला 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा. आजोबांच्या शाळेतला दाखल-खारीज उतारा, कोतवाल बुकातली जन्ममृत्यूची नोंद, जुने महसुली कागद, असं काहीही चालतं. काका किंवा चुलत भावाची व्हॅलिडिटी आधी झाली असेल तर काम बरंच हलकं होतं. आपल्या भागातल्या गोंड, कोलाम, परधान घरांत आजोबा शाळेतच गेलेले नसतात, तेव्हा कोतवाल बुकावरच भिस्त राहते. ती नोंद शोधायला तहसीलच्या अभिलेख कक्षात चकरा होतात, त्या बारावीच्या सुट्टीत आवरत नाहीत.

नावातला फरकही नडतो. आधारवर एक स्पेलिंग, टीसीवर दुसरं, वडिलांचं नाव एका कागदावर 'मारोती' आणि दुसऱ्यावर 'मारुती'. हे दहावीचा फॉर्म भरतानाच जुळवून घ्यावं.

ओबीसी मुलांना नॉन-क्रिमिलेअर लागतं, आणि अखिल भारतीय कोट्यासाठी तेच केंद्राच्या नमुन्यात वेगळं काढावं लागतं. सेतू केंद्रात तसं स्पष्ट सांगावं, नाहीतर राज्याचंच हातात पडतं.

पुढे कॅप राऊंड, म्हणजे सरकारी वाटपाच्या फेऱ्या. कॉलेजांची पसंती क्रमाने भरताना यवतमाळचं वसंतराव नाईक कॉलेज जवळ म्हणून वर टाकायचं की नागपूर, ते घरी आधीच ठरवावं. मिळालेली जागा पक्की ठेवायची असेल तर 'स्टेटस रिटेन्शन'चा फॉर्म भरतात. तो भरला की पुढच्या फेऱ्या बंद. न भरता पुढे गेलो आणि वरची पसंती लागली, तर आधीची जागा आपोआप जाते. 'दोन्ही हातात ठेवू' हे इथे चालत नाही.

फीचा प्रश्न बहुतेकदा शेवटी येतो. ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर, 2024पासून शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण कॅपमधून आलेल्या जागेलाच. कुणी मॅनेजमेंट कोट्यातली सीट 'फी माफ होते' म्हणून गळ्यात मारत असेल, तर ती होत नाही. अनुसूचित जमातीच्या मुलांनी शिष्यवृत्ती आणि वसतिगृहासाठी गावातल्याच आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात जावं. महाडीबीटीचा अर्ज मात्र प्रवेश झाल्याबरोबर भरावा, आणि बँक खातं आधारला जोडलेलं आहे का ते त्याआधी पाहून घ्यावं.